फोनच्या अंगी लागलं

फोन घेतला तो बारीक म्हणून. बाकीच्या गुणांची यादी दुकानातल्या मुलाने एका दमात म्हणून दाखवली होती, पण माझं चित्त अडकलं ते ७.८ मिलिमीटरवर. खिशात आहे की नाही हे चाचपून बघावं लागेल असा फोन! सडपातळ म्हणता येईल अशी दुसरी वस्तू माझ्याकडे नाही, आणि मीही त्यात मोडत नाही.

परवा मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि तोच फोन आडवा धरून मोजला. २१ मिलिमीटर भरला. सहा महिन्यांत जवळजवळ तिप्पट. बायको शांतपणे म्हणाली, "बाकी काही म्हण, तुझ्याकडे त्याच्या अंगी लागलं."

सुरुवात कव्हरपासून झाली, सगळ्यांची तिथूनच होते. हल्लीच्या फोनला पुढून काच आणि मागूनही काच. हातात घेतला की साबणाची ओली वडी धरल्यासारखं वाटतं. म्हणजे तिकडे कारखान्यात कुणीतरी अर्धा-अर्धा मिलिमीटर वाचवायला रात्री जागवायच्या आणि इकडे आपण फोन घरी येताच त्याला स्वेटर चढवायचा. मी पारदर्शक कव्हर घेतलं, मूळचा निळा रंग दिसावा म्हणून. ऊन आणि हाताची ऊब लागली की ते मऊ प्लास्टिक पिवळं पडत जातं, आणि धुऊन काही उपयोग होत नाही. दात घासायचा जुना ब्रश घेऊन मी खात्री करून घेतली आहे. निळ्यावर पिवळं चढून फोन हिरवट दिसू लागला. "याला बरं नाहीये का?" असं एकाने विचारलंसुद्धा.

कव्हरमागोमाग काच आली.

पाकिटावर ठसठशीत अक्षरात ‘९एच’ लिहिलं होतं. हिऱ्याचा कठीणपणा १०, तेव्हा ९ म्हणजे हिऱ्याचा धाकटा भाऊच, असा मी सरळ हिशेब केला. भाच्याने तो मोडला. "मामा, तो एच पेन्सिलीचा आहे." चित्रकलेच्या वर्गात २बी, एचबी, ४एच अशा पेन्सिली असतात ना, त्यातली सगळ्यात कडक ९एच पेन्सिल ओढली तरी काचेवर ओरखडा उठत नाही, इतकाच त्याचा अर्थ. हिऱ्याला १० गुण देणारा तक्ता निराळा, खनिजांचे अभ्यासक मोह्ससाहेब यांनी १८१२ साली केलेला. त्यात काच साडेपाच-सहाच्या आसपास घुटमळते आणि साध्या वाळूतला क्वार्ट्‌झ ७ वर बसलेला असतो. थोडक्यात, माझा फोन पेन्सिलींपासून पूर्ण सुरक्षित आहे, खिशातल्या वाळूपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. माझ्यावर आजवर पेन्सिल घेऊन कुणी चाल करून आलेलं नाही.

काच बसवायची जागा म्हणजे बाथरूम. हसू नका. गरम पाण्याचा नळ थोडा वेळ सोडून ठेवायचा, वाफेने हवेतली धूळ खाली बसते आणि मग काम सुरू करायचं. ही युक्ती खरोखर चालते. मी दार लावलं, फोन बेसिनच्या कडेवर ठेवला. पाकिटातून १ नंबरचा ओला कागद काढून पुसलं, २ नंबरच्या कोरड्याने पुसलं, मग ते चिकट निळं कागदाचं चिटोरं लावून राहिलेले कण उचलले. दोन्ही हातांच्या चिमटीत काच धरली, श्वास रोखला आणि अलगद सोडली. मधोमध एक ओला डाग पडल्यासारखं दिसलं आणि तो डाग आपसूक चारी बाजूंनी पसरत गेला. काय सुंदर दृश्य असतं ते! कडेपर्यंत पोहोचता पोहोचता तो एका जागी थबकला. तिथे बुडबुडा, आणि बुडबुड्यात पापणीचा केस. माझाच होता, कारण एवढा पांढरा घरात दुसऱ्या कुणाचा नाही.

केस काढायला नखाने कोपरा उचलला तर काच कडकन मोडली. दुसरी काच केसभर तिरकी बसली आणि कानाला लावायच्या स्पीकरची फट झाकून टाकली, तेव्हा पलीकडचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा येऊ लागला. तिसरी लावत असताना दारावर थाप पडली.

"तासभर आत काय चाललंय?"

"काच बसवतोय."

"खिडकीची?"

तिसरी बसली. आनंदाने बोट टेकवलं तर फोन म्हणतो, ओळख पटली नाही. पडद्याखालचा बोटाचे ठसे बघणारा सेन्सर नव्या काचेतून मला ओळखेना. काच बसवल्यावर ठसे नव्याने नोंदवावे लागतात, हे शहाणपण मला तीन तास पासवर्ड आठवल्यानंतर आलं. पुढे कव्हरची कड काचेला खालून ढकलते आणि काचेचा एक कोपरा कायम उचललेला राहतो, हेही कळलं. दोन्ही वस्तू माझ्याच रक्षणासाठी आणलेल्या, पण त्यांचं आपसात जमत नव्हतं.

तसं पाहिलं तर या सगळ्या प्रकरणात कुणाचंच कुणाशी जमत नाही. फोन पडू नये म्हणून मी कव्हरच्या पाठीवर बोट अडकवायची धातूची अंगठी चिकटवली. फार सोयीची वस्तू! आडवी केली की फोन टेबलावर उभा राहतो, एका हाताने टाइप करता येतं. त्याच उत्साहात वायरलेस चार्जिंगचं पॅड आणलं. त्या पद्धतीला म्हणतात ‘ची’. इंग्रजी स्पेलिंग बघून मी बरेच दिवस ‘क्यूआय’ म्हणत होतो. १८३१ साली फॅरेडेने दाखवून दिलेलं तत्त्वच इथे कामाला लावलंय. खालच्या वेटोळ्यात बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करा, वरच्या वेटोळ्यात वीज उमटते. फोन रात्री पॅडवर ठेवला. पॅडचा दिवा रात्रभर लुकलुकत होता आणि मी तो समाधानाने पाहत झोपलो. सकाळी बॅटरी ११ टक्के. भाचा म्हणाला, "मामा, लुकलुकला म्हणजे तो ओरडत होता. मध्ये धातू आला की पॅड बंद पडतं. अंगठी काढा."

अंगठी निघाली, पण सोबत कव्हरचा टवका घेऊन. मग आतच चुंबकांचं कडं असलेलं कव्हर आलं, कारण वेटोळ्यावर वेटोळं नेमकं बसलं नाही तर निम्मी वीज नुसती गरम होण्यात जाते आणि चुंबकामुळे फोन बरोब्बर जागेवर खेचला जातो. ही सुधारणा मात्र खरी. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्याच्यावर पाकिटासारखी झडप असलेलं, कार्डं ठेवता येणारं आणखी एक आवरण मिळत होतं, आणि झडप मिटायलाही लोहचुंबक. २१ मिलिमीटरचा हिशेब इथे पूर्ण होतो.

केबलच्या खणाबद्दल मी थोडक्यात सांगणार होतो, पण तिथे माझं एक दुखणं आहे. सी-टाइप २०१४ साली आली तेव्हा वाटलं, सुटलो. पिन उलटी-सुलटी कशीही घाला. युरोपात तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला ती कायद्यानेच सक्तीची झाली. सगळ्यांचं तोंड एक झालं खरं, पण पोटात काय आहे ते ज्याचं त्याला ठाऊक. दिसायला जुळ्या असलेल्या केबलींपैकी एक ६० वॉट सोसते, दुसरी २४०. एक फोनमधला सिनेमा कॉम्प्युटरवर झरकन उतरवते, दुसरी त्याच कामाला जेवणाची सुट्टी घेते. आणि एक असते ती फक्त वीज वाहते, माहितीच्या तारा तिच्यात नसतातच. नेमकी तीच घेऊन मी एक अख्खा रविवार फोटो कॉम्प्युटरवर चढवत बसलो होतो. फोन बंद करून चालू केला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, शेवटी घरातला मेन स्विचसुद्धा. ती केबल दाढीच्या ट्रिमरची निघाली.

तेव्हापासून प्रत्येक केबलच्या मानेला कागदी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर पेनाने लिहितो: ‘जलद’, ‘फोटो’, ‘ट्रिमर, हात लावू नये’. फोनसाठी आजवर जे जे घेतलं त्यात सगळ्यात उपयोगी पडली ती ही चिकटपट्टी. तिच्या खालोखाल दोन तोंडांचा पेनड्राइव्ह. एक तोंड फोनला, दुसरं कॉम्प्युटरला. फोनची जागा भरली की मी मुकाट्याने फोटो त्यात ओततो, केबलीचं तोंड बघत नाही.

स्टायलस म्हणजे पडद्यावर लिहायची लेखणी, फोनला जोडायचा चिमुकला पंखा, फोटोसाठीचं रिमोट, यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही. ते नुसते आहेत. सेल्फी स्टिकचा मात्र जन्म मला आवडतो. मिनोल्टा कंपनीतल्या हिरोशी उएदा नावाच्या अभियंत्याने युरोपच्या सहलीत एका पोराला फोटो काढायला कॅमेरा दिला आणि पोरगं कॅमेरा घेऊन पळालं. त्यावरून १९८० च्या दशकात त्यांनी ही काठी बनवली. आमच्याकडे ती वापरात नाही. बायको बिनदिक्कत कुठल्याही अनोळखी माणसाच्या हातात माझा फोन देते. २१ मिलिमीटरचा ऐवज घेऊन कोण पळेल, असं तिचं म्हणणं.

तर हा सगळा संसार घेऊन आम्ही प्रवासाला गेलो. पहिल्याच संध्याकाळी हॉटेलच्या खोलीचं दार उघडेना. किल्ली म्हणून दिलेलं कार्ड मी फोनच्या पाकिटात ठेवलं होतं आणि झडपेच्या लोहचुंबकाने त्याच्या पट्टीवरचं सगळं पुसून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी चालत निघालो तर नकाशातला निळा बाण भलतीकडेच बोट दाखवी. तोही त्याच चुंबकाचा प्रताप, कारण फोनमधलं होकायंत्र त्यानेच भुलवलं होतं. सात मिनिटांच्या जागी पोहोचायला आम्हाला पाऊण तास लागला. त्यातला अर्धा तास बायको एक अक्षरही बोलली नाही. तो जास्त लांब वाटला.

परतीच्या दिवशी विमानतळावर मोठी बॅग देऊन निवांत बसलो होतो. माझं नाव पुकारलं गेलं. नाव ऐकून माणसं वळून बघतात तेव्हा आपण काहीतरी केलंच असणार, असं आपल्यालाही वाटू लागतं. एका खोलीत माझी बॅग टेबलावर होती आणि तिच्यामागे अधिकारी.

"पॉवर बँक आहे का आत?"

होती. लिथियमची बॅटरी सामानाच्या कप्प्यात पेटली तर तिथे विझवायला कुणी नसतं, म्हणून ती हातातल्या बॅगेतच ठेवायची असते. नियम मला ठाऊक होता. बॅग भरताना मी विसरलो, एवढंच. त्यांनी बॅगेत हात घालून ओढलं तर आधी केबलींचं भेंडोळं आलं, त्याला लटकून पंखा, त्याला अडकून सेल्फी स्टिक, मग पॅड. ‘ट्रिमर, हात लावू नये’ हे त्यांनी मोठ्याने वाचलं आणि हात लावला. तळाशी पॉवर बँक.

"किती वॉट-अवरची?"

"वीस हजारची," मी जरा ऐटीतच म्हणालो.

"ते एमएएच झालं, मिलिअँपिअर-अवर. १०० वॉट-अवरपर्यंतची विनापरवाना नेता येते. तुमच्यावर काय लिहिलंय?"

माझ्यावर म्हणजे तिच्यावर. वीस हजारांना आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टने गुणायचं आणि हजाराने भागायचं की ७४ येतात, हे मी सांगितलं. (आणि ते वीस हजार फोनपर्यंत कधीच पोहोचत नाहीत. व्होल्टेज चढवताना घट होते, उरलेलं गरम होण्यात जातं, हातात जेमतेम दोन तृतीयांश पडतं. पण ही तक्रार करायची ती वेळ नव्हती.) अधिकाऱ्यांना तोंडी गणित नको होतं, छापील आकडा हवा होता. आकडा होता, पण काळ्या प्लास्टिकवर करड्या शाईत मुंगीएवढा. त्यांनी डोळे बारीक केले, मी चष्मा वर-खाली केला, बायकोने उजेडाकडे धरून पाहिलं. फोनचा कॅमेरा जवळ नेला तर नुसतं धुकं.

आणि मला आठवलं. बॅगेच्या बाजूच्या खणात, विकत घेतल्यापासून एकदाही न वापरलेली, चिमट्याने फोनवर लावायची भिंग! फुलांच्या परागकणांचे फोटो काढणार होतो मी. काढली, पण चिमट्याचं तोंड लहान आणि माझ्या फोनचा देह हा असा. झडपेचं पाकीट काढलं, तरी बसेना. चुंबकाचं कव्हर काढलं. चिमटा बसला, कॅमेरा प्लास्टिकपासून दोन बोटांवर नेला आणि पडद्यावर वीतभर आकडे उमटले: ७४ वॉट-अवर.

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. पॉवर बँक माझ्या हातातल्या बॅगेत गेली, भेंडोळं पुन्हा मोठ्या बॅगेत कोंबलं गेलं. जाताना त्यांनी टेबलावर राहिलेला फोन उचलून माझ्या हाती दिला. देता देता उलटा-सुलटा करून बघितला. निळा होता, विसरलोच होतो मी.

"मस्त बारीक आहे हो," ते म्हणाले. "नवीन घेतला का?"