जिओजेसन कुठवर पुरतं?
महाराष्ट्राचा नकाशा वेबवर दाखवायला 'जिओजेसन फाइल (सीमा-बिंदूंचे अक्षांश-रेखांश साठवणारी मजकूर फाइल) थेट लीफलेटला (ब्राउझरमध्ये नकाशा दाखवणारी लायब्ररी) द्या' हा वेब-नकाशांवरच्या एका लेखातला सल्ला ३६ जिल्ह्यांपुरता ठीक. गावांच्या सीमा टाकल्या की मोबाइल गुदमरतो. त्यापेक्षा टिपकॅनू या साधनाने व्हेक्टर टाइल्स (नकाशाचे छोटे चौकोनी तुकडे, लागतील तेवढेच उतरतात) करून एकाच पीएमटाइल्स फाइलमध्ये (सगळ्या टाइल्स एकत्र ठेवणारी फाइल) ठेवा, मॅपलिब्रेने (अशा टाइल्स दाखवणारी लायब्ररी) दाखवा. टाइल सर्व्हर लागतच नाही. मात्र होस्टिंगला बाइट-रेंज विनंत्या (फाइलचा हवा तेवढाच भाग मागणं) चालल्या पाहिजेत, नाहीतर नकाशा कोरा. टाइल ५०० केबीपुढे गेली की टिपकॅनू अडतं; तेव्हा दाट आकृत्या गाळायचा पर्याय सीमांना लावू नका, भोकं पडतात. कमी झूमला तालुकेच दाखवा. सीमा मॅपशेपर या साधनात सोप्या करा, म्हणजे त्यांचे बिंदू कमी करा; ते सामाईक सीमा एकत्रच सोप्या करतं. एकेक बहुभुज (गावाची बंद आकृती) सुटा सोपा केला तर शेजाऱ्यांमध्ये फटी राहतात.

आणि हो, जिओजेसनमध्ये रेखांश आधी, लीफलेटच्या मार्करला (नकाशावरच्या खुणेला) अक्षांश आधी. ७३.८५, १८.५२ तसेच चिकटवले की पुणे थेट नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात!