दुभाष्या घरचा नको

आमच्या ताईच्या केसला आज कोर्टात परत तारीख पडली. तिच्या खुणा सांगणारा दुभाष्या आला नाही म्हणून. तेही एकवेळ गिळलं असतं, पण व्हरांड्यात समोरच्यांचा एक पाव्हणा मला म्हणतो, "कशाला बाहेरचा माणूस शोधताय? घरातलं कुणीतरी उभं करा की. तिच्या खुणा घरच्यांनाच कळणार." तेव्हापासून डोकं तापलंय. पोस्ट मोठी होणार आहे, होऊ दे.

माझी चुलतबहीण, आमची ताई, जन्मापासून कर्णबधिर. दाजीही तसेच, कुपवाड एमआयडीसीत लेथवर आहेत. ताई घरी ब्लाऊज शिवते. घरात ऐकणारा-बोलणारा मोठा माणूस एकच, तिचा दीर. बँकेत तो, रेशनला तो, पोरीच्या शाळेत पालकसभेला तो. ताईला भिशी लागली, त्याने पैसे मागितले, तिने दिले नाहीत. तर उजवा हात पिरगाळून पैशांचा डबा घेऊन गेला.

ताई एकटी पोलीस ठाण्यात गेली. कुठल्या ते लिहीत नाही. तिथं ठाणे अंमलदाराने तिचं आधारकार्ड बघून घरच्या नंबरवर फोन लावला, "हिचं काय म्हणणं आहे ते सांगायला कुणाला तरी पाठवा." आणि आला कोण? दीरच! ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच शेजारच्या खुर्चीत बसून तिचा जबाब सांगतोय. "मशीनवरून उठताना पडली म्हणतेय साहेब. स्वभावानं तापट आहे, घरातल्या घरात मिटवतो." मी धावत पोचले तोवर अदखलपात्र नोंद झालेली. कागदावर घरगुती किरकोळ वाद. ताई त्या सुजलेल्या हाताने खुणा करतेय, टेबलावर थापा मारतेय, आणि दीर अंमलदाराला म्हणतोय, "बघा, घरीपण हे असंच."

"लिहून द्यायचं की", असं मला आजवर कितीतरी शहाण्यांनी सांगितलंय. दिलं होतं तिने लिहून. 'दीर हात. डबा पैसे. मी नाही.' ज्या शाळेत खुणा बंद करून ओठांनी बोलायला लावण्यातच वर्षं गेली, तिथून ती असंच मराठी लिहिणार. अंमलदार म्हणाले, यातून काय अर्थ काढायचा?

माझीही पर्स मिरज स्टँडवर मारली होती. मलाही बाकावर बसवून ठेवलं, साहेब राउंडला गेलेत म्हणाले, उद्या या म्हणाले. पण मला तोंड आहे. मी भांडले, माझ्या शब्दांत फिर्याद लिहून घेतली, वाचून मगच सही केली, नक्कल घेतली. त्रास सगळ्यांनाच होतो, मान्य. पण माझा त्रास मी स्वतः सांगितला. ताईचा त्रास तिच्या दिराने सांगितला.

शेवटी तिच्या शाळेतल्या, खुणा कळणाऱ्या जुन्या बाई आल्या, वरच्या साहेबांकडे गेलो, तेव्हा गुन्हा नोंद झाला. पोलिसांवर कामाचा ताण असतो, आणि त्या दिवशी एका महिला पोलिसाने ताईला पाणी देऊन तिच्या हाताला बर्फ लावला, हेही सांगायला हवं. बस, एवढंच.

आता कायदा. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. लैंगिक गुन्हा किंवा ॲसिड हल्ला झालेली बाई अपंग असेल तर तिची फिर्याद तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर घ्यायची आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असं त्यात आहे. चांगलं आहे. पण हात पिरगाळून पैसे नेले तर? त्याला फिर्यादीच्या वेळी ही सक्ती नाही. का? तिथं बाईला तोंड फुटतं का?

कोर्टातल्या साक्षीला मात्र गुन्हा कुठलाही असो, दुभाषी आणि चित्रीकरण दोन्ही हवंच. आणि चित्रीकरण शोभेसाठी नाही. कागदावर उतरतात ते दुभाष्याचे शब्द. त्याने उद्या काहीही सांगितलं तर ताईच्या हातांनी खरं काय सांगितलं हे कुठे बघायचं? ठाण्यात तेव्हा मोबाईलवर जरी शूटिंग झालं असतं तरी दीर तिथेच उघडा पडला असता.

त्या पाव्हण्याला मी राजस्थानच्या खटल्याबद्दल सांगणार होते, पण आवाज चढला असता म्हणून गप्प बसले. आमच्या वकिलांनी सांगितलेला, 2012 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. खुनाच्या खटल्यात मयताची कर्णबधिर बायको साक्षीदार, आणि तिच्या खुणा सांगायला तिचे वडील. ना तिला शपथ दिली, ना त्यांना. आरोपीची सुटका कायम राहिली. कोर्टाने म्हटलं, दुभाष्या त्याच परिसरातला चालेल, पण खटल्यात त्याचा हितसंबंध नको आणि त्याला शपथ दिली पाहिजे. तिथं तर बाप होता, पोरीचं वाईट चिंतणारा नव्हे. आमच्याकडे दीर होता.

मलाही ताईच्या खुणा कळतात. पण मीही नको. मी तिच्या बाजूची आहे, समोरचा वकील मला पहिल्याच प्रश्नात उडवेल आणि माझ्याबरोबर तिची साक्षही जाईल.

तुम्ही कधी कोर्टात तिच्यासारखं बसून बघा. बाकीचे लोक खाली चहा प्यायला जातात, पुकारा झाला की धावत येतात. ताईला पुकारा ऐकू येत नाही. ती सकाळपासून दाराकडे, पट्टेवाल्याच्या ओठांकडे बघत बसते. पाणी पीत नाही, बाथरूमला जायला लागेल म्हणून. आज मी तिला म्हटलं, मी बघते, तू जा. गेली नाही. दुपारी आत बोलावून सांगितलं, दुभाषी नाही, पुढची तारीख. मी ते खुणेनं सांगितलं तर तिने मान हलवली आणि माझाच खांदा थोपटला. माझा!

दुभाषी कमी आहेत, खरंय. जुन्या बाई आता मुलाकडे पुण्याला असतात, गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही. पण 2023 साली सुप्रीम कोर्टात सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्यामार्फत काम चालवलं. दिल्लीत जमतं आणि सांगलीत एक माणूस मिळत नाही? प्रत्येक ठाण्यात भिंतीवर एक यादी लावायला किती खर्च येतो? नाव, नंबर, बस. म्हणजे घरी फोन लावायची वेळच येणार नाही.

सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर, अगदी कराडपर्यंत कुणाच्या ओळखीत कर्णबधिर शाळेतले शिक्षक किंवा सांकेतिक भाषा येणारं कुणी असेल तर मला मेसेज करा. दोन्ही घरांपैकी कुणाचे नातेवाईक नकोत. नाव वकिलांमार्फत कोर्टात देऊ. कोर्टाकडून खर्च मिळेल तेव्हा मिळेल, तोवर जाण्यायेण्याचं भाडं आणि दिवसाचा खाडा मी भरेन. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.