काका, चाळीस लाखांचा फुकट फ्लॅट कुठं मिळतो तेवढं सांगा

‘झोपडपट्टी हटवा, कोल्हापूर वाचवा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो काकांनी टाकला, खाली ‘शंभर टक्के सत्य’ अशी मोहोर मारून. काकांचे फॉरवर्ड मी एरवी न वाचताच पुढं सरकते. पण दुसऱ्या दिवशी आई हळूच म्हणाली, “आपल्या मावशींना पण मिळालं असणार की गं घर. सांगत नसतील.” मावशी आमच्याकडे धुणंभांडी करतात, राजेंद्रनगरच्या झोपडपट्टीत राहतात. आई गावाला जाताना घराची किल्ली त्यांच्याकडेच देऊन जाते. त्या बाईबद्दल आईला शंका यावी, तीही असल्या मेसेजमुळं, हे काही मला सहन झालं नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. झोपडपट्टीवाले घरफाळा, म्हणजे घरपट्टी, भरत नाहीत. तरी सरकार त्यांना चाळीस लाखांचा फ्लॅट फुकट देतं. तो भाड्यानं देऊन ते दुसरीकडं झोपडी टाकतात. नाल्याकाठच्या झोपड्यांमुळं पूर येतो. तेव्हा सगळ्यांना शहराबाहेर एकाच ठिकाणी हलवा आणि मोकळ्या झालेल्या जागेवर आयटी पार्क करा.

घरफाळ्याचं आधी उरकते. मावशींच्या पत्र्याच्या पेटीत एक प्लास्टिकची पिशवी आहे. एका फॉर्मसाठी त्यांनी ती माझ्यासमोर रिकामी केली होती. लाईट बिलं, पाणीपट्टी आणि घरफाळ्याच्या पावत्या, सासऱ्यांच्या नावाचा जुना फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र), रेशनकार्डाच्या तीन-चार झेरॉक्स, सगळं रबरबँड लावून. पावती हरवली तर उद्या आपण इथं राहतच नव्हतो असं कुणी म्हणेल, ही भीती. आपल्यापैकी किती जणांना मागच्या वर्षीची घरफाळ्याची पावती लगेच सापडेल? शिवाय मोबाईलच्या रिचार्जवर 18 टक्के जीएसटी त्याही भरतात आणि काकाही. ‘करदात्यांचा पैसा’ हे शब्द कोल्हापूरकरानं जरा जपून वापरावेत. शहरातल्या रस्त्यांवरचा टोल आपण आंदोलन करून घालवला, चांगलंच केलं, पण त्या रस्त्यांचे पैसे शेवटी सरकारनंच भागवले ना?

आता तो फ्लॅट. चाळीस लाखांची ही कथा मुंबईहून आलीय. तिथं 1995 पासून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आहे. बिल्डर झोपडीधारकांना घरं बांधून देतो आणि त्याच जागेवरचं जादा बांधकाम बाजारभावानं विकून पैसे वसूल करतो. मुंबईत जमिनीला सोन्याचा भाव, म्हणून हे गणित जमतं. तिथंही सरसकट फुकट नाहीच. 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या झोपडीला घर विनामूल्य, त्यानंतर 2011 पर्यंतच्यांना पैसे भरून. कोल्हापुरात जमिनीचा भाव तेवढा नाही, त्यामुळं बिल्डर असल्या कामाला सहजासहजी हात लावत नाही.

आपल्याकडं गरिबाच्या हाताला लागण्यासारखं आहे ते मुख्यतः पंतप्रधान आवास योजनेतलं अनुदान. स्वतःच्या जागेवर 30 ते 45 चौरस मीटरचं घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. तेही एकदम हातात पडत नाहीत. जोतं झालं की फोटो, स्लॅब पडला की फोटो, मग पुढचा हप्ता. अडीच लाखांत आज घर पुरं होतं का, हे कुठल्याही सेंट्रिंगवाल्याला विचारा. आणि यातली पहिली अट काय, तर जागा तुमच्या नावावर पाहिजे. मावशींच्या पिशवीत सगळं आहे, फक्त प्रॉपर्टी कार्ड नाही. झोपडपट्टी कायदा 1971 चा. त्यानं जुन्या झोपडीला संरक्षण मिळतं, म्हणजे उठवलं तर पर्याय द्यावा लागतो. पण संरक्षणाच्या कागदावर ना बँक कर्ज देते, ना हे अनुदान मिळतं. सगळं घोडं इथं अडलंय. प्रॉपर्टी कार्डाची मागणी कोल्हापुरात कितीतरी जुनी आहे, निवडणूक आली की तिला पालवी फुटते. ओडिशानं 2017 मध्ये कायदाच केला आणि लोक राहतात त्याच जागेचा हक्क त्यांना द्यायला सुरुवात केली. आपल्याकडं अजून फॉरवर्डच चाललेत.

काका, रागावू नका, पण एक विचारते. 2017 मध्ये तुम्ही फ्लॅट घेतलात तेव्हा कर्जखात्यात व्याजाची सबसिडी जमा झाली होती, आठवतं? पेढे आणले होते तुम्ही. तीही याच पंतप्रधान आवास योजनेतली. वर्षाला 18 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरालाही ती मिळत होती आणि मध्यमवर्गीयांसाठी तिची कमाल रक्कम 2 लाख 30 ते 35 हजार होती. केंद्राकडून झोपडीवाल्याला बांधकामाला दीड लाख, फ्लॅटवाल्याला व्याजाला सव्वादोन लाखांच्या वर. त्यात तुमची काही चूक नाही, नियमात बसत होतं, घेतलंत. पण मग फुकट्या कोण, हे मेसेज पुढं ढकलण्याआधी बघायचं होतं.

भाड्यानं देतात, विकतात, यात तथ्य आहे. मान्य करायला जिवावर येतं, पण आहे. मुंबईच्या कायद्यातच असं घर काही वर्षं विकायला बंदी घालावी लागली, ती काही उगाच नाही. कुणा दादाच्या नावावर चार-चार झोपड्या असतात आणि स्टॅम्पपेपरवर त्यांचे व्यवहारही होतात. त्यांना जरूर पकडा. पण घर मिळूनही माणूस ते का सोडतो, हे मेसेज लिहिणाऱ्याला विचारावंसं वाटलेलं नाही. त्याचं उत्तर त्याच मेसेजच्या शेवटच्या मागणीत आहे, आणि मला सगळ्यात जास्त घातक वाटते ती हीच मागणी: सगळ्यांना शहराबाहेर हलवा.

हा प्रयोग होऊन गेलाय. अहमदाबादेत 1987 मध्ये विडी कामगार बायकांसाठी सोडत काढून घरं दिली गेली. घरं चांगली होती, पण शहराच्या मध्यापासून 12 किलोमीटरवर. चौदा वर्षांनी शेरॉन बर्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या बायकांची तुलना केली; तो अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. घर लागलेल्यांपैकी 34 टक्के तिथं राहायलाच गेल्या नाहीत आणि 32 टक्के काही काळानं सोडून आल्या. घर लागल्यामुळं त्यांची आर्थिक स्थितीही इतरांपेक्षा सुधारली नाही, उलट नातलग आणि जातभाई यांच्यापासून त्या तुटल्या. सोडत असल्यामुळं ‘या बायकाच तसल्या होत्या’ असं म्हणायची सोय नाही. चिठ्ठी कुणाची निघेल, ते नशिबावर होतं.

बारा किलोमीटर म्हणजे इथून गोकुळ शिरगाव ओलांडून कागलच्या रस्त्याला. मावशी सकाळी साडेसहाला सागरमाळावरच्या पहिल्या घरी चालत पोचतात, मग टाकाळा, मग आमच्याकडं. मधे पोराला शाळेत सोडतात. तापाबिपानं पोर घरी असलं तर शेजारची बघते. कागलच्या रस्त्यावरून केएमटीची बस धरून साडेसहाला यायचं तर निघायचं कधी, आणि तिकिटात पगारातलं किती जायचं? एखादं घर सोडावं लागेल, मग दुसरं. पोर आजारी पडलं की खाडा. शेवटी तो फ्लॅट भाड्यानं देऊन त्या इथंच कुठंतरी खोली बघतील, आणि काका पुढचा मेसेज टाकतील, ‘बघा, भाड्यानं दिला!’

पुराचा मुद्दा तर वाचून हसूच आलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या वर. नागाळा पार्कातल्या आणि रमणमळ्यातल्या बंगल्यांत पाणी शिरलं, ते काय झोपड्यांनी ढकललं? पूररेषेच्या आतली बांधकामं, शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव, धरणांचे विसर्ग यावर दर पुरानंतर वाद होतात, मेसेजमध्ये त्यातलं एक अक्षर नाही. नाल्यात कचरा तुंबतो हे खरं, पण तो सगळ्या शहराचा असतो. पाणी चढायला लागलं की सुतारमळ्यातली कुटुंबं सगळ्यात आधी चित्रदुर्ग मठात हलतात, गाद्या, भांडी, शेळ्यांसकट. ज्यांच्या दारात दरवर्षी नदी येते त्यांना हलवायला हवंच, मी नाही म्हणत नाही. पण पोरांची शाळा आणि हातचं काम सुटणार नाही इतक्या अंतरावर, आणि जागा त्यांच्या नावावर करून.

झोपडपट्टी म्हणजे गुन्हेगारी, बाहेरचे लोक वगैरेवर वेळ घालवत नाही. बाहेरून आलेल्यांचंच म्हणाल तर शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली ती व्यापाऱ्यांना जागा देऊनच.

राहता राहिला आयटी पार्क. त्यासाठी शेंडा पार्कातल्या जागेची चर्चा आहे. तिथं आयटी पार्क व्हायला राजेंद्रनगरातली एक झोपडीही हलवावी लागत नाही.