दोन शब्दांचा गेम म्हणे!

परवापासून एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. १९८० च्या आसपासच्या टेक्स्ट गेमना, म्हणजे हुकूम टाइप करून खेळायच्या गेमना, फक्त दोन शब्द कळायचे, तुम्ही टाइप करेपर्यंत बाकीची पात्रं पुतळ्यासारखी उभी, आणि स्वतःच्या मर्जीने वागणारी पात्रं म्हणे आत्ता एआय आल्यावर पहिल्यांदाच दिसली. अरे बाबांनो, 'द हॉबिट' नाव ऐकलंय का? १९८२, मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरचा, टोल्किनच्या कादंबरीवरचा.

दोन शब्दांचं म्हणाल तर १९७८ चा 'अ‍ॅडव्हेंचरलँड' तसाच होता, क्रियापद आणि नाम, संपलं. तिथे पोस्ट बरोबर. पण हॉबिटला अख्खं वाक्य चालायचं, कशाने मारायचं, कसं मारायचं तेही सांगता यायचं, आणि खरी गंमत म्हणजे दुसऱ्याला कामाला लावता यायचं. ड्रॅगन मारायचाय? टाइप करा, से टू बार्ड "शूट ड्रॅगन". बार्ड म्हणजे गोष्टीतला तिरंदाज, आता तो ऐकेलच याची गॅरंटी नाही हां!

आणि पुतळे? हे तर साफ चूक. सुरुवातीला बिल्बोच्या, म्हणजे तुमच्याच पात्राच्या, घरातच गँडाल्फ जादूगार हातात नकाशा देतो आणि मग मनाला येईल तिकडे निघून जातो, तुम्ही चहा टाकायला उठलात तर गेम आपणहून 'टाइम पासेस' म्हणत पुढे सरकतो, आणि तो तुमचा बुटका जोडीदार थोरिन, इथे आपला जीव टांगणीला लागलाय आणि हा खाली बसून सोन्याची गाणी म्हणतोय. परत परत. बार्ड तुम्ही पोचायच्या आधीच मेला तर बसा बोंबलत. कारण प्रत्येक पात्राला स्वतःच्या कामांची एक छोटी यादी दिलेली, ते आपलं त्यातलं एकेक करत फिरतं, तुम्ही समोर असा नाहीतर नसा.

हे डोकं वेरोनिका मेग्लरचं, तेव्हा युनिव्हर्सिटीत शिकत होती. वाक्य समजण्याचा भाग फिलिप मिचेलचा. आणि सगळं बसवलं स्पेक्ट्रम या तेव्हाच्या घरगुती कॉम्प्युटरच्या ४८ केबी मेमरीत, वर चित्रं पण! तुमच्या ग्रुपवर सकाळी सकाळी येणारा गुलाबाचा फोटो बहुतेक वेळा याहून मोठा असतो.

एआय कुठलंही वाक्य झेलतो, मान्य. हॉबिटला शब्द माहीत नसला की तो सरळ हात वर करायचा, बगही ढीगभर. पण ते 'पहिल्यांदाच' तेवढं काढा पोस्टमधून.