भरतीत झाकतात तो डोळा

आमच्या येळ्ळूर भागात पहाटे रस्त्यावर पोरं पळताना दिसली की समजायचं, भरती जवळ आली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळं घराघरात कुणीतरी फौजी, नाहीतर फौजी व्हायच्या तयारीत. माझा धाकटा दीर त्यातलाच. सोळाशे मीटर पळण्यात पहिल्या गटात आला, छाती-उंची बसली, आणि मेडिकलला एक डोळा झाकून वाचायला लावलं तेव्हा गप्प उभा राहिला. एकोणीस वर्षांच्या पोराला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपल्याला डाव्या डोळ्यानं नीट दिसतच नाही.

तेव्हा आम्ही सगळ्यांनी नशिबाला बोल लावला आणि विषय सोडला. ती माझी चूक. कारण पाच वर्षांनी तेच माझ्या लेकीत निघालं.

तेही योगायोगानं. तिच्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी झाली, पापणी सुजून डोळा मिटला. मी शेकायला कापड गरम करत होते. ती मधल्या दारातनं आली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. सहा वर्षं रोज ओलांडलेला उंबरा. मी म्हटलं, "बघून चाल की गे." ती म्हणाली, "ह्या डोळ्यानं असंच दिसतंय, आई." असंच म्हणजे कसं, हे तिला सांगता येईना. तिच्या लेखी सगळ्यांचा एक डोळा तसाच असतो.

डोळा तिरळा नाही, लाल नाही, दुखत नाही. शाळेत तपासणी झालेली, पण दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचून घेतलं, सगळं बरोबर आलं, पास. बाई मात्र "लक्ष नसतं हिचं" म्हणायच्या.

दवाखान्यात भिंतीवर कानडी अक्षरांचा तक्ता. पोरगी मराठी शाळेतली, तिला तोवर चार अक्षरं येत होती. तिथल्या मुलीनं लगेच तीन पायांच्या 'ई'चा तक्ता लावला आणि विचारलं, "याव कडे?" लेकीनं बोटं डावीकडे केली. 'कडे' तेवढं कळलं, काम झालं. (सीमाभागात इतकं सोपं दुसरं काही नाही बघा.) उजवा 6/6, म्हणजे अगदी चांगला. डावा 6/36, म्हणजे चांगल्या डोळ्याला छत्तीस मीटरवरनं दिसतं ते ह्याला सहा मीटरवर यावं तेव्हा दिसतं. मग तीन दिवस डोळ्यांत मलम घालून बाहुली मोठी केली, नंबर काढला. डावा साडेचार प्लस, उजवा जवळजवळ शून्य.

डॉक्टरांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत सांगते. डोळा चांगला आहे, पण त्यातनं मेंदूकडं जाणारं चित्र धूसर. दुसऱ्यातनं स्वच्छ येतंय. मेंदू धूसर बाजूला टाकतो, आणि लहानपणीच तशी सवय पडली की पुढं नुसता चष्मा लावूनही त्या डोळ्याला नीट दिसत नाही. ह्युबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा काही आठवडे मिटवून हेच दाखवलं. 1981 सालच्या नोबेलमध्ये ते कामही होतं. ह्या त्रासाचं कारण दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक असेल, तिरळेपणा असेल, खाली आलेली पापणी किंवा जन्मजात मोतीबिंदू असेल. बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा, बारशाची वाट बघू नका.

याला म्हणतात 'आळशी डोळा'. मला हे नाव अजिबात आवडत नाही. डोळा आळशी नाही, त्याला काम मिळालेलं नाही. पण नाव ऐकलं की लोक पोरीकडंच बघतात. आणि तिरळ्याला आमच्याकडं 'नशीबवान' म्हणून सोडून देतात. नाहीतर "मोठा झाल्यावर ऑपरेशन करू" म्हणतात. ऑपरेशननं डोळा सरळ होतो, पण गेलेली नजर त्यानं येत नाही, तिला वेगळे कष्ट लागतात.

आधी चार महिने फक्त चष्मा. तेवढ्यानंच 6/18 झाला. मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, रोज दोन तास. मला वाटलं, दिवसभर बांधली तर लवकर होईल. पण डॉक्टर म्हणाले, मध्यम त्रासात दोन तास आणि सहा तास सारखाच फरक पडतो, असं 2003 च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलंय. पट्टी कातड्यालाच चिकटवायची, चष्म्यावर लावली की पोरं फटीतनं बघतात. काहींना पट्टीऐवजी चांगल्या डोळ्याला धूसर दिसावं म्हणून त्यात अॅट्रोपिनचे थेंब देतात.

पहिल्या दिवशी सासूबाई कडाडल्या, "बऱ्या डोळ्याला झाकून पोरीला आंधळी करायला लागलायसा काय गे?" प्रश्न चुकीचा नव्हता. मलाही ते उलटंच वाटत होतं. दोन तास रडून काढले तिनं. मग सासूबाईंनीच मसूर निवडायला पुढ्यात ताट ठेवलं. पहिल्या आठवड्यात खडे तसेच राहायचे, आमटीत दाताखाली यायचे, सासरे काही बोलायचे नाहीत. दोन महिन्यांनी पट्टी असतानाच तिनं आजीच्या हातनं सुटलेला खडा काढून दाखवला. आता 6/9 आहे. पट्टी हळूहळू कमी करतोय, कारण सोडल्यावर काही मुलांची नजर पुन्हा घसरते.

सात वर्षांच्या आत उपचार सर्वांत चांगले लागू पडतात. त्यानंतरही फायदा होतो, म्हणून दहा-बारा वर्षांच्या पोराला "आता उशीर झाला" म्हणून घरी बसवू नका. पण जी तपासणी एकोणिसाव्या वर्षी करून पोराला परत पाठवतात, ती अंगणवाडीत चौथ्या वर्षी का होऊ नये? एकेक डोळा झाकायचा, एवढीच तर आहे. त्याला मशीन लागत नाही.

परवा दिरानं स्वतःच्या चार वर्षांच्या पोराला मांडीवर घेतलं. असलं घराण्यात असू शकतं, हे त्याला आता पक्कं ठाऊक आहे. तळहातानं एक डोळा झाकला, मग दुसरा. कमी दिसणारा डोळा उघडा राहिला की मूल हात ढकलतं, चिडतं. हे पोरगं दोन्ही वेळा हसलं. दीर बराच वेळ त्याच्याकडं बघत बसला. तरी गुरुवारी नंबर लावलाय.