स्क्रूज नक्की कधी बदलतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून थँक्यू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'मधला कंजूष म्हातारा व्यापारी स्क्रूज, भुताने दाखवलेलं भविष्यातलं स्वतःचं थडगं बघून टरकतो म्हणून सुधारतो, म्हणजे मी ज्याला मनपरिवर्तन म्हटलं ती नुसती मरणाची भीती. मला हे अजिबात पटत नाही.

भीतीच म्हणाल तर ती पहिल्याच भागात वाटून होते. त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लेचं भूत कॅशबॉक्स, किल्ल्या, कुलुपं, हिशेबाच्या वह्या असलं सगळं साखळीला अडकवून समोर येतं, किंचाळतं, स्क्रूज गुडघ्यावर येतो. आणि मग? भूत गेल्यावर 'हंबग' (सगळं थोतांड!) म्हणायला जातो, अर्धा शब्द घशातच राहतो आणि कपडेही न बदलता झोपून जातो!

आता दुसरा भाग बघा, थडग्याच्या कितीतरी आधीचा. इथे दुसरं एक भूत त्याला त्याचा भूतकाळ दाखवतं. सुट्टीत सगळी पोरं घरी गेलीयेत, शाळेत एकच मुलगा मागे राहिलाय, बारीकशा शेकोटीपाशी पुस्तक वाचत बसलाय, आणि तो आपणच आहोत हे बघून म्हातारा रडतो. तिथे त्याला धमकी कोणीच दिलेली नाहीये. आणि रडून झाल्यावर त्याला आठवतं काय, तर आदल्या संध्याकाळी दाराशी कॅरोल म्हणायला आलेलं पोर, ज्याला त्याने रूळ उचलून पळवून लावलं होतं, त्याला काहीतरी द्यायला हवं होतं म्हणतो. पुढे जुना मालक फेझिविग नोकरांना पार्टी देतो ते बघितल्यावर लगेच आपल्या क्लार्कशी दोन शब्द बोलावंसं वाटतं. माझ्यासाठी बदल इथे सुरू होतो, एका रात्रीतला असला तरी पायरीपायरीने येणारा. तिसऱ्या भागात क्लार्कचा आजारी मुलगा टायनी टिम जगेल का असं तो कळवळून विचारतो तेव्हा वर्तमान दाखवणारं भूत त्याचेच शब्द त्याच्या तोंडावर फेकतं, मरणार असेल तर मरू दे, फालतू लोकसंख्या तरी कमी होईल, आणि हा मान खाली घालतो. ही लाज आहे हो, भीती नाही.

तुमचा दुसरा मुद्दा, की एका शेठजीला पाझर फुटून गरिबी हटत नाही, तो मात्र मला मान्य आहे. पण डिकन्सला हे माहीत नव्हतं असं नाही म्हणता येणार. बाप कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेला तेव्हा हा बारा वर्षांचा पोरगा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं लावत होता, आणि १८३४च्या कायद्याने गरिबांना वर्कहाऊसमध्ये, म्हणजे राबवून घेणाऱ्या गरीबखान्यांत ढकललं त्याचा राग या १८४३च्या पुस्तकात जागोजागी आहे, स्क्रूज गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्यांना तुरुंग, वर्कहाऊस बंद पडलीत का विचारतो तो त्याचाच भाग. शिवाय शेवटी आपला क्लार्क बॉब क्रॅचिट याच्या घरी टर्की पाठवून स्क्रूज थांबत नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसात बॉबचा आठवड्याला पंधरा शिलिंग असलेला पगार वाढवतो, आणि ज्या क्लार्कच्या शेकोटीत जेमतेम एक निखारा असायचा त्यालाच आधी कोळशाची आणखी एक बादली विकत आणायला सांगतो.