खाऱ्या हवेत गॅल्व्हनाइज्ड पत्राही गंजतो

‘गॅल्व्हनाइज्ड पत्रा समुद्राकाठीही गंजत नाही’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा. हा थर लोखंडाऐवजी स्वतः झिजतो, आणि खाऱ्या वाऱ्यात झपाट्याने झिजतो. कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं आधी तांबूस होतात. वळचणीला खालून जरूर हात फिरवून बघा, कडा सांभाळून. वरचं मीठ पावसात धुऊन जातं, खालचं तसंच साचून राहतं, म्हणून पत्रा बरेचदा तिथूनच सडायला लागतो.

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा जास्त टिकतो, पण त्याला साधे लोखंडी स्क्रू कृपा करून मारू नका. खाऱ्या ओलाव्यात भोकाभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. ३१६ ग्रेडचे, म्हणजे खाऱ्या हवेत जास्त टिकणारे, स्टेनलेस स्क्रू आणि रबरी वॉशर वापरा. भाजलेली कौलं गंजत नाहीत, मात्र वादळासाठी ती घट्ट बांधावी लागतात.